कुंदाचा बघण्याचा कार्यक्रम

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. बाकीची खाती एकेक करून काढून घेतली गेली. भाजीचं खातं मी दोडक्यांऐवजी घोसाळी घेऊन आलो त्या दिवशी वंदनाने, म्हणजे माझ्या बायकोने, परत घेतलं. वीजबिल मुलाने मोबाईलवर नेलं. उरलं बोलणं. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं झाली आणि माणसं भिंतीला टेकली की कुणीतरी म्हणतंच, "हं, त्या कुंदाचं सांग रे." मी आढेवेढे घेतो, पण फारसे नाही. मागच्या खेपेला पुतणीने मधेच विचारलं, "काका, पण ती दिसायची कशी?" आणि इतकी वर्षं रंगवून सांगणाऱ्या मला ते पटकन सांगता येईना. म्हणून आता एकदाचं लिहूनच काढतो.

कुंदा उंच होती. हाडापेराने मजबूत, रंगाने सावळी, मनगटं पुरुषासारखी रुंद. आमच्या भिसेगावच्या आळीतल्या बायका सेफ्टी पिना मंगळसूत्राला अडकवून ठेवतात. कुंदाला ती सोय नव्हती. ती पदराच्या टोकाला पिनांचा झुबका लावायची. कुणाची चप्पल तुटली, कुणाच्या पोराच्या दप्तराची चेन गेली, की सगळी आळी तिच्या पदराकडे धावायची. तीही चालता चालता पिन काढून द्यायची, परत कधी मागायची नाही, आणि झुबका मात्र कमी झालेला मी कधी पाहिला नाही.

ती आमच्या मागच्या खोलीत भाड्याने आली तेव्हा तिच्या कडेवर पोरगी होती. भाडेकरू पारखायचं काम माझ्या आईचं. आईचा एक ठरलेला क्रम होता. गाव कोणतं, मालक काय करतात, मांसमच्छी रोज की रविवारी.

"कुठून आलात?"

"खालापूरकडनं."

"मालक कुठे असतात?"

"मालक नाय, काकू. लगीन नाय झालं. पोरगी माजीच हाय."

मी खुर्चीत बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होतो. त्या दिवशीचे पुढचे सगळे चौकोन रिकामे राहिले. आईने पदर सारखा केला, पोरीकडे पाहिलं, पोरीने आईकडे पाहिलं. मग आई म्हणाली, "पाणी पहाटे येतं. पिंप आहे का?"

"पिंप हाय."

"मग आणा सामान."

रात्री जेवताना वंदनाने हळूच विषय काढला. आई म्हणाली, "जी बाई हे दारातच सांगते, ती उद्या माझा नळ मोडला तरी येऊन सांगेल. आधीचा भाडेकरू चांगला लग्न झालेला होता. नळ मोडला आणि वर चिंधी बांधून निघून गेला." विषय संपला. आमच्याकडे तो असाच संपतो.

आळीत तो संपायला थोडा वेळ लागला. नवी ओळख झाली की कुणीतरी विचारायचं, "मिस्टर काय करतात?" कुंदा सांगायची, "मिस्टर नाय. मुलगी हाय." आवाज चढा नाही, खाली मान नाही. दुकानात साखर संपली म्हणून गूळ द्या म्हणावं, त्या सुरात. आणि वर तिचं ते नेहमीचं, "हाय ते हाय." आमटी खारट झाली तर हाय ते हाय, कुकरची शिट्टी हरवली तर हाय ते हाय. पोरीच्या बापाबद्दल ती एकदाच बोलली. आळीच्या टोकाला राहणाऱ्या सकीनाभाभींनी अगदीच खोदून विचारलं तेव्हा. "होता एक. भाकरीचा वरचा पापुद्रा काढून खायचा आनि खालचं तसंच ठेवायचा. मी तवाच वळखायला पायजे होतं."

भाकरीवरून माणूस ओळखणं हा तिचा धंद्याचाच भाग होता. कर्जतच्या आसपास नदीकाठाने जी फार्महाऊसं झाली आहेत, त्यांतल्या एकात ती शनिवार-रविवार चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या थापायची. मुंबईची माणसं कोंडाळं करून बघत बसत, व्हिडिओ काढत. तिशीतल्या कुंदाला पन्नाशीतले लोक "मावशी" म्हणत. ती घरी गॅसवरच भाकरी करायची, चुलीच्या धुराने तिला खोकला व्हायचा, पण ते व्हिडिओत येत नसे. एकदा एका पाहुण्याने लाडात येऊन विचारलं, "मावशी, नवऱ्यालाही अशीच गरमगरम वाढता का?" कुंदा म्हणाली, "नवरा नाय, म्हनून तर तुमाला भेटतीये." तो व्हिडिओ बराच फिरला म्हणतात. मला तो कुणी पाठवला नाही. मला कुणी काही पाठवत नाही, मी उलट लांब उत्तर लिहितो म्हणून.

पोरगी, म्हणजे तन्वी, आमच्याच ओट्यावर मोठी झाली. ती पहिलीत जायच्या वर्षी ते फार्महाऊस विकलं गेलं. नव्या मालकाने केटरर आणला. कुंदा लग्नाच्या ऑर्डरींना जाऊ लागली, पण लग्नं काही दर आठवड्याला होत नाहीत. तिच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज कमी कमी येऊ लागला, आणि आई रोज काहीतरी "जास्त झालं" म्हणून मागच्या दाराने पाठवू लागली. कुंदाच्या ते लक्षात येत नव्हतं असं नाही.

त्याच सुमारास तिचा भाऊ आला. बाळाराम. खालापूर तालुक्यात गावी थोडी भातशेती आणि शिवाय कारखान्यात पाळी. माणूस सज्जन, तीच खरी अडचण होती. तो उंबऱ्यावर बसला, आम्ही दोघं तिघं आसपास होतो तरी मोकळेपणाने बोलला.

"कुंदे, तनूला मी घेऊन जातो. शाळंत माजं नाव लावतो. माज्या दोघांत तिसरी. तू यायचीस-जायचीस, तुला ती आत्या म्हनंल. तुजं बी लगीन जमंल, वय काय झालंय गं?"

कुंदा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. भाकरी पातळ होत गेली, आणखी पातळ होत गेली आणि मधोमध फाटली. तिची भाकरी फाटलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"आत्या?" एवढंच ती म्हणाली.

"शाळा उघडायच्या आत सांग," बाळाराम उठत म्हणाला. "मी जबरदस्ती करीत नाय."

तो गेल्यावर आई तणतणली. कुंदाच म्हणाली, "त्याचं काय चुकलं, काकू? माज्या रिकाम्या डब्यात बघून बोलला तो."

अंगणवाडीच्या ताईंनी तिला बालसंगोपनाच्या योजनेचं सांगितलं ते यानंतर. एकट्या आईचं, एकट्या बापाचं मूल असेल तर त्याला घरातच वाढवण्यासाठी सरकार दरमहा थोडी मदत देतं. लग्न न झालेल्या आईलाही मिळते. मदत डोंगराएवढी नव्हती. पण दर महिन्याला येणारी होती, आणि तेवढ्यावर कुंदा भावाला "नाही" म्हणू शकणार होती.

अर्ज म्हटल्यावर मी पुढे सरसावलो. कॉलेजात वक्तृत्वाचा चषक मिळवलेला माणूस मी. रात्रभर खपून दोन पानी अर्ज लिहिला. 'दैवदुर्विलासाने', 'समाजाच्या अवहेलनेने', 'अबला' असे दणदणीत शब्द घातले. कुंदाला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत नीट ऐकला आणि म्हणाली, "भाऊ, लई चांगलं हाय. पन ह्यात मी कुटं हाय?"

शिवाय आळीभर सल्ले होतेच. त्यातला सर्वांत हुशार सल्ला माझा. "विधवा लिही," मी म्हणालो, "पटकन होतं काम."

"म्हंजे आदी नवरा आनायचा," कुंदा बोटांवर मोजत म्हणाली, "मग त्याला मारायचा, मग त्याचा मेल्याचा दाखला काडायचा. भाऊ, येवडी कामं मला येकटीला नाय व्हायची."

वंदना म्हणाली, "मग परित्यक्ता लिही. टाकलेली."

"टाकलेली कशी, वयनी? तो गेला तवा दार मी लावलं." आणि मग हसून, "हाय ते हाय. अविवाहित."

तो शब्द मात्र तिने माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि मग स्वतःच्या हाताने लिहिला. सरकारी कचेरीत खिडकीवरच्या माणसाने "वडिलांचं नाव?" विचारलं तेव्हा मी तिच्या मागेच उभा होतो. कुंदा म्हणाली, "आईचं घ्या." रांगेतली सगळी डोकी वळली. माझंसुद्धा वळलं, जणू मी तिच्याबरोबर नाहीच. तो माणूस बिचारा म्हणाला, "अहो, चौकट रिकामी ठेवता येत नाही." कुंदा म्हणाली, "मग रेघ मारा. पन सरळ मारा."

अर्ज गेला आणि काही आठवड्यांनी निरोप आला की त्या खात्याच्या मॅडम गृहभेटीला येणार. घर बघणार, मुलगी बघणार, शेजारीपाजारी विचारपूस करणार.

खरी गंमत इथून पुढे आहे. आमच्या आळीला कुणी घर आणि मुलगी बघायला येतं म्हटल्यावर एकच प्रकार माहीत. पिढ्यान्‌पिढ्या तोच केलेला. कुणाच्या घरी बघायला येणार म्हटलं की एकाची चादर, दुसऱ्याचे कप, तिसऱ्याच्या खुर्च्या असं सगळं तिथं गोळा व्हायचं. मागणाऱ्याला मागावं लागत नसे आणि देणाऱ्याला आठवण करावी लागत नसे. कुंदाचा असा कार्यक्रम कधी झालाच नव्हता. आईच्या मनात ते कुठेतरी राहून गेलं असावं.

त्या सकाळी कुंदा तन्वीला घेऊन अंगणवाडीचा दाखला आणायला गेली, आणि नेहमीप्रमाणे किल्ली आईकडे ठेवून गेली. तिची पाठ वळली मात्र, आई पदर खोचून अंगणात उतरली. सकीनाभाभींच्या घरून त्यांचा मरून रंगाचा सोफा निघाला. तो आळीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत त्यांच्या नवऱ्याच्या, इक्बालभाईंच्या टेंपोतून आला, कारण हातात उचलून आणणं इक्बालभाईंच्या कमरेला मंजूर नव्हतं. "अरे, मेहमान आ रहे हैं, जल्दी करो!" भाभी ओरडत होत्या. आमचा फ्रीज मी आणि इक्बालभाईंनी ढकलत नेला. वंदनाने दिवाळीचे पडदे लावले आणि पोहे भिजवले. माझं स्वतःचं योगदान म्हणून मी वक्तृत्वाचा चषक फ्रीजवर मधोमध ठेवला.

मॅडम कुंदाच्या आधी आल्या. चाळिशीच्या, खांद्याला जाड पर्स, चेहऱ्यावर उन्हाचा थकवा. आईने त्यांना सोफ्यावर बसवलं, पोहे दिले आणि सुरुवात केली.

"प्रवास नीट झाला ना? मुलगी अगदी गुणी आहे हो. स्वयंपाकात हात धरणार नाही कुणी. उलटून बोलणं नाही."

"मुलगी म्हणजे तन्वी ना?"

"छे, कुंदा!"

मॅडमनी पेन हातात घेतलं. "घरची परिस्थिती कशी आहे?"

"उत्तम!" आई म्हणाली. "काही म्हणता काही कमी नाही. हे बघा ना सगळं."

"फ्रीज त्यांचा स्वतःचा?"

"तर! दुसऱ्याचा कशाला ठेवील?"

वंदनाने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मला सगळा घोटाळा एकदम दिसला. आईला थांबवायला मी तोंड उघडलं आणि, चषक समोर फ्रीजवर असूनही, शब्द फुटेना. खिडकीतून सकीनाभाभी मान डोलावून दुजोरा देत होत्या.

तेवढ्यात कुंदा आली. आत पाऊल टाकलं, सोफा पाहिला, चुकल्यासारखी परत बाहेर गेली, दाराकडे नीट पाहिलं आणि पुन्हा आत आली. तन्वी मात्र सरळ जाऊन सोफ्यावर उड्या मारू लागली.

मॅडम म्हणाल्या, "ताई, परिस्थिती तर चांगली दिसते. मग अर्ज कशासाठी केलात?"

शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. बाळारामचा फोन आदल्याच दिवशी येऊन गेला होता. वर पंखा गरगरत होता. तो पंखाही आमचाच होता.

कुंदाने आधी काय केलं तर ती आईजवळ जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, ही माजी मानसं हायत. तुमी पावनी म्हनून सगळ्यांनी आपापलं घर हितं आनून ठेवलंय. आता माजं काय ते दावते." आणि ती खोलीभर फिरली. "हे पिंप माजं. ही शेगडी माजी. त्या पत्र्याच्या पेटीत आमचे दोघींचे कपडे. परात माजी. आनि ही पोरगी माजी. बाकी सगळं सकाळी आलंय, सांजच्याला जाईल."

मॅडमनी चषकाकडे बोट केलं. "आणि तो?"

"तो भाऊंचा. बोलन्यात मिळालाय."

मॅडम हसल्या. त्या हसल्यावर खिडकी हसली, आणि खिडकीमागची आळी हसली. आईचा चेहरा मात्र पडला होता. "अहो बाई, मी खोटं नाही हो बोलले," ती म्हणाली. "पाहुण्यांसमोर आमच्याकडे असंच बोलतात."

"माहीत आहे, आजी. मला बघायला आले तेव्हा आमच्याकडेही टीव्ही शेजारचा होता." मॅडमनी लिहिलेल्यावर काट मारली आणि नवीन ओळीपासून सुरुवात केली. तन्वीला विचारलं, "घरात कोण कोण असतं गं?"

"मी, आई आणि आजी. पण आजी तिच्या घरी झोपते."

मग मॅडमनी पेन जरा खाली घेतलं. "कुंदाताई, तुमचे भाऊ मुलीला सांभाळायला तयार आहेत असं अंगणवाडीच्या ताईंकडून कळलं. तिथं तिचं चांगलं होईल असं नाही वाटत तुम्हाला?"

 कुंदा सोफा सोडून जमिनीवरच बसली. पदराचा पिनांचा झुबका हातात घेऊन एक पिन उघडत राहिली, लावत राहिली.

"व्हईल. पोटभर जेवंल, दादा मारायचा नाय. पन माज्याकडं बघून ती आत्या म्हनंल, बाई. आनि मला 'हां' म्हनायला लागंल. मला बाकी सगळं जमतं. तेवडं नाय जमायचं."

मॅडमनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मी बघत होतो. माझ्या दोन पानांत ते नव्हतं.

पुढे अलिबागला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे जायचं होतं. आई हट्टाने बरोबर गेली, एसटीत तिला मळमळतं तरी. तिथे तिने तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं, आणि कुंदा सांगते की आईने ते पाळलं, फक्त बाहेर पडताना समितीतल्या एका बाईंना विचारलं, "तुमच्याकडे पाणी कधी येतं?"

मंजुरीचा मेसेज शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी आला. बरोबर त्याच दिवशी बाळाराम तन्वीला न्यायला यायचा होता. तो आला, उंबऱ्यावर बसला. कुंदाने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "दादा, तनू हितंच र्‍हाईल. शाळंत नाव तन्वी कुंदा, मग आपलं आडनाव."

बाळारामने एक भाकरी पूर्ण खाल्ली. पापुद्रा आणि खालचं, दोन्ही. मग म्हणाला, "आनि लोक काय म्हनतील?"

"म्हनून झालंय त्यांचं, दादा. आता थकले ते."

तो जाताना तन्वीच्या हातात खाऊला नोट ठेवून गेला, एक शब्द न बोलता. मला वाटलं, तुटलं हे. मी घरी तसं म्हणालोही, आणि माझे बाकीचे अंदाज जसे असतात तसाच हाही निघाला. भात झोडून झाल्यावर तो नव्या तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन आळीत शिरला, आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराने "कुणाकडे?" विचारल्यावर सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या कुंदीच्या पोरीला आनलाय."

कुंदा आणखी काही वर्षं आमच्याकडे राहिली. मग शेलूला नव्या इमारती झाल्या, दोघंही नोकरीला जाणारी जोडपी तिथं राहायला आली आणि त्यांना संध्याकाळी तयार भाकरी हवी असते हे तिने कुठूनसं ऐकलं. तिथेच एक खोली घेतली. निघायच्या दिवशी इक्बालभाईंचा तोच टेंपो दारात लागला. पिंप चढलं, शेगडी चढली, पत्र्याची पेटी, परात. सामान संपलं तरी टेंपोत जागा दिसतेय म्हटल्यावर सकीनाभाभी आपल्या घरी गेल्या आणि इक्बालभाईंना हाका मारू लागल्या. थोड्या वेळाने तो मरून सोफा आळीत आला.

"भाभी, नको," कुंदा म्हणाली.

"नाटक मत कर. हमारा नया आनेवाला है," भाभी म्हणाल्या. नवा कधी आला नाही. त्यांच्याकडे अजून प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत.

सोफा टेंपोत मागच्या बाजूला, आमच्याकडे तोंड करून बसला. पुढे इक्बालभाईंशेजारी जागा होती, पण तन्वी सोफ्यावर चढून बसली आणि तिच्या शेजारी कुंदाही, पाय खाली सोडून. वंदनाने डोळ्याला पदर लावला आणि पदर उसवलेला निघाला, तर कुंदाने तिथूनच वाकून एक पिन दिली. टेंपो सुरू झाला. आई काठी टेकत चार पावलं मागे गेली आणि ओरडली, "अगं, तिथं पाणी कधी येतं ते विचारलंस का?"

"विचारलं! सकाळीच येतं!"

टेंपो वळणावर जरा थांबला, समोरून रिक्षा येत होती. कुंदाने दोन्ही हात सोफ्याच्या पाठीवर पसरले, एक तन्वीच्या मागून, आणि मोठ्याने हसली.

"काकू, पुढल्या टायमाला मॅडम आल्या की काय सांगू? सोफा आता माजा हाय!"

रिक्षा गेली, टेंपो वळला.  मग आई माझ्याकडे वळून म्हणाली, "आता पडदे तरी काढून आण तिच्या खोलीतले. त्या मॅडम आल्या तेव्हापासून तिथंच आहेत. दिवाळीला लागतील."